फ्रीस्टाइल लिब्रे सेन्सर: पैसे बाणाचे आहेत, आकड्याचे नाहीत

टाइप वन मधुमेह असलेल्या चार-पाच वर्षांच्या पोराचं बोट दिवसातून सात-आठ वेळा टोचावं लागतं, त्यातलं एखाद-दुसरं रात्री. दंडावर चिकटवून ठेवायचा लिब्रे हा साखर मोजणारा सेन्सर लावलेला असेल तर झोपलेल्या मुलाच्या स्वेटरवरून फोन नुसता टेकवायचा, सेकंदात शुगर दिसते. इथे लिहिलंय ते पहिल्या पिढीच्या, स्कॅन करून वाचायच्या, १४ दिवस चालणाऱ्या सेन्सरबद्दल. तो ४ वर्षांपुढच्या मुलांसाठी आहे.

साडेतीन सेंटिमीटर व्यासाची चकती दंडाच्या मागच्या बाजूला चिकटते. सुई आत राहत नाही, राहते ती सुमारे ५ मिलिमीटरची लवचीक तार. ही तार रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजते. म्हणून शुगर वेगाने वर-खाली होत असताना आकडा पाच-दहा मिनिटं मागे असतो. बोट टोचून तपासायचं मीटर १३० आणि सेन्सर १५५ दाखवतोय म्हणून सेन्सर बिघडला असं लगेच समजू नका. फोनवर आकड्याशेजारचा बाण बघा, शुगर कुठे आणि किती वेगाने चालली आहे ते तो सांगतो. आडवा बाण म्हणजे जवळपास स्थिर, तिरका म्हणजे मिनिटाला १ ते २ मिलीग्रॅमने बदल, सरळ उभा म्हणजे २ पेक्षा जास्त. ११० आणि आडवा बाण असेल तर पोरगं खुशाल खेळू दे. ११० आणि सरळ खाली बाण असेल तर वीस मिनिटांत ७० येणार, खाऊ आत्ताच हातात द्या. बोट टोचून मिळणारे ११० दोन्ही वेळी सारखेच दिसतात. जास्तीचे पैसे द्यायचे ते या बाणासाठी.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या लो, म्हणजे शुगर फार कमी, झाल्यावर. शुगर ७० च्या खाली गेली की लहान मुलाला वजनाच्या किलोमागे ०.३ ग्रॅम ग्लुकोज पुरतं. १५ किलोच्या मुलाला साडेचार ग्रॅम, म्हणजे ग्लुकोज पावडरचा जेमतेम एक लहान चमचा. मोठ्यांचं १५ ग्रॅमचं माप इथे लावायचं नाही. पंधरा मिनिटांनी स्कॅन केलं तर सेन्सर अजून ६२ दाखवतो, आई-बाबा घाबरून आणखी दोन चमचे देतात, आणि तासाभरात शुगर २८० वर जाते. लो नंतरची तपासणी बोटावरच करा. मीटरच्या स्ट्रिप्सचा डबा घरातून हद्दपार होत नाही तो यासाठीच. मुलाची लक्षणं आणि आकडा जुळत नसतील तेव्हाही मीटरच प्रमाण. आणि पोरगं घामाघूम, थरथरत असेल आणि मीटर हाताशी नसेल, तर आधी साखर द्या, तपासणं मागाहून.

रात्रीचा आणखी एक चकवा आहे. मूल सेन्सरच्या कुशीवर झोपलं की तिथला द्रव दाबला जातो आणि आकडा खोटाच खाली येतो. कूस बदलून द्या, बोट तपासा, मग काय ते ठरवा.

आता उणीव. हा सेन्सर रात्री तुम्हाला उठवत नाही. त्याला गजर नाही, तो दुसऱ्या पिढीपासून आला. शिवाय त्याची आठवण आठ तासांची. रात्री साडेनऊला स्कॅन केलं आणि सकाळी सातला उठून केलं, तर मधला दीड तास आलेखातून कायमचा गेला. अडीच-तीनचा फोनचा गजर लावायचाच. लिब्रे आणला की रात्रभर निर्धास्त झोपता येईल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बालवाडीतही हेच: बाईंनी स्कॅन केलं तरच तुमच्या फोनवर आकडा येणार.

लावताना दंड साध्या साबणाने धुवा, अल्कोहोलच्या स्वॅबने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. आपल्याकडे सेन्सर सुटतो तो बहुतेक वेळा तेलाने. अंघोळीआधी अंगाला तेल चोळायची सवय असेल तर तो दंड वगळा, दिवाळीच्या अभ्यंगालासुद्धा. सेन्सरची डबी आणि तो दंडावर बसवायचं साधन, म्हणजे अ‍ॅप्लिकेटर, यांच्यावरचा कोड एकच आहे ना ते बघा, गडद खुणा जुळवून दाबा, मग दंडावर ठेवून एकदाच ठाम दाबा. एकाने मुलाला मांडीवर धरावं, दुसऱ्याने लावावं. धडपडीत तिरका बसला तर तार नीट जात नाही आणि सेन्सर वाया. कोकणात, मुंबईत घामाने कडा उचलतात. वरून चिकटपट्टी लावायची तर मधलं बारीक भोक मोकळं ठेवून. काढताना मात्र तेच खोबरेल कडेने सोडा, कातडी सोलवटत नाही.

लावल्यावर पहिला तास आकडा येत नाही आणि पहिला दिवस जरा बेभरवशाचा असतो. लग्नाच्या किंवा सहलीच्या सकाळी नवा सेन्सर लावू नका. विटामिन सीच्या ५०० मिलीग्रॅमच्या गोळ्या चालू असतील तर आकडा खोटा वर जाऊ शकतो, डॉक्टरांना सांगा. एमआरआयच्या आधी सेन्सर काढावा लागतो.

खर्चाचं गणित कडू आहे. एक सेन्सर चार-पाच हजारांच्या घरात, वर्षाला २६ लागतात, म्हणजे लाखाच्या वर. दिवसाला ७ स्ट्रिप्स, वीस रुपयांची एक धरली तर १४ दिवसांचे दोन हजार होतात. बारा महिने परवडत नसेल तर सेन्सरच नको असं करू नका. डॉक्टरांच्या भेटीआधीचे १४ दिवस आणि शाळा सुरू होते ते दोन आठवडे, एवढे तरी लावा. इन्सुलिनचा डोस बदलायला लागणारा आलेख तेवढ्यातून मिळतो. पोह्यांनंतर शुगर किती वेळात उसळते आणि इन्सुलिन पंधरा मिनिटं आधी दिल्याने काय फरक पडतो, हेही त्या दोन आठवड्यांत दिसतं.

दुकानात मुदतीची तारीख बघून घ्या. खोकं १४ दिवस टाकू नका. सेन्सर मध्येच बंद पडला तर बदलून मागताना त्यावरचा सिरियल नंबर विचारतात, आणि तोवर खोकं कचऱ्याच्या गाडीत गेलेलं असतं.