बीसीएए पावडर, टरबूज फ्लेवर: चव बरी, भाव जड

बीसीएए म्हणजे तीन अमिनो आम्लं, प्रोटीन ज्यांपासून बनतं त्या विटांपैकी तीन. दारव्ह्यातल्या एका दुकानातून ही पावडर घेतली. पोलीस भरतीची तयारी चालू आहे. सकाळी सोळाशे मीटर, संध्याकाळी गावातल्या जिममध्ये वजनं. दुकानदार म्हणे, "घेऊन जा भाऊ, मसल भरते."

पाण्यात लवकर विरघळते, गोडी जरा जास्त. मे महिन्याच्या उन्हात थंडगार प्यायला मस्त लागते, हे मानलं. डब्यावर ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलिन, प्रमाण २:१:१. आता मसल बांधायचा इशारा ल्युसीन देते हे खरं, पण बांधकामाला नऊही आवश्यक अमिनो आम्लं लागतात अन् डब्यात तीनच! मिस्त्री आला, विटाच नाहीत. दोन अंड्यांत नऊच्या नऊ मिळतात, साधारण १२ ग्रॅम प्रोटीन. सोयाबीन तर आमच्या वावरातच आहे. १०० ग्रॅम कोरड्या दाण्यात ३६ ग्रॅमच्या आसपास, तेही नऊही अमिनो आम्लांसकट. (कच्चं खाऊ नका बावा, शिजवूनच.)

सील शाबूत होतं, एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) १४ आकडी नंबरही होता. त्याबद्दल तक्रार नाही.

पाचपैकी दोन तारे, तेही चवीचे. डबा संपला की त्या पैशात अंड्यांचे ट्रे आणणार.