जेंटल लेडी: घरी बांधलेल्या बाल्सा ग्लायडरसोबत आठ महिने

मागच्या पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, पुण्यातल्या घरी जुन्या फ्लश डोअरवर मी हा रेडिओ कंट्रोल ग्लायडर, म्हणजे रिमोटवर उडवायचं बिनइंजिनाचं छोटं विमान, बांधला. ऑक्टोबरपासून तो उडतोय. आता मे संपत आला. पहिल्या दोन उड्डाणांनंतरच लिहायला हात शिवशिवत होते, पण थांबलो. असं विमान दोन-चारदा पडून, दुरुस्त होऊन, एक उन्हाळा सोसून बाहेर आलं की मगच त्याच्याबद्दल बोलावं असं मला वाटतं.

बांधणीचा नकाशा जेंटल लेडीचा. कार्ल गोल्डबर्ग या अमेरिकन रचनाकाराचं हे जुनं, शांत स्वभावाचं डिझाइन. पंखांचा विस्तार जवळपास २ मीटर, पंख खालून सपाट आणि टोकांकडे आणखी वर उचललेले. नियंत्रणं दोनच, रडर (शेपटीची उभी झडप, नाक डावी-उजवीकडे वळवणारी) आणि एलेव्हेटर (शेपटीची आडवी झडप, नाक वर-खाली करणारी). विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या झडपा, म्हणजे एलेरॉन, नाहीत. रडर दिला की आधी नाक वळतं, मग बाहेरच्या बाजूच्या उचललेल्या पंखाला हवा जास्त कोनात लागते आणि विमान आपोआप कलतं. शिकणाऱ्याने घाबरून स्टिक सोडली तरी ते बहुतेक वेळा स्वतःच सावरतं. आठ महिन्यांत या गुणाने मला किती वेळा वाचवलं ते मोजलेलं नाही.

बाल्सा, म्हणजे अशी विमानं बांधायचं हलकं लाकूड, घेताना वजनकाटा जवळ ठेवा, एवढं एक माझं ऐका. जगातला बहुतेक बाल्सा इक्वाडोरमधून येतो आणि एकाच झाडाचं लाकूडसुद्धा सारखं नसतं. ३६ इंच लांब, ३ इंच रुंद, दीड मिलिमीटर जाडीच्या दोन शीट मी शेजारी ठेवून मोजल्या: एक ११ ग्रॅम, दुसरी २० ग्रॅम. डोळ्यांना फरक दिसत नाही. मला हे उशिरा कळलं, आणि तोवर जड लाकूड शेपटीत गेलं होतं. शेपूट पंखापासून लांब असते, त्यामुळे तिथल्या एका ग्रॅमला तोल साधायला नाकात दोन-तीन ग्रॅम द्यावे लागतात. माझ्या विमानाच्या नाकात ७० ग्रॅम शिसं गेलं. दुसऱ्यांदा शेपूट हलक्या शीटमधून केली तेव्हा ४० ग्रॅममध्ये भागलं. आज विमान सगळं धरून ८३० ग्रॅम भरतं.

पावसाळ्यात बांधायचं तर फेविकॉल सुकायला रात्र द्या. नकाशावर पारदर्शक प्लास्टिक अंथरून, रिब (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या) टाचण्यांनी धरून, पंखाचा तो भाग सकाळपर्यंत हलवू नका. मी एकदा घाई केली आणि डावा पंख पिळला गेला. कव्हरिंग फिल्म, म्हणजे सांगाड्यावरचं प्लास्टिकचं पातळ आवरण, चढवताना इस्त्रीने गरम करत उलटा पीळ देऊन तो सरळ केला. दोन्ही टोकांची मागची कड मात्र मुद्दाम ३ मिलिमीटर वर ठेवली आहे. वेग कमी झाला की टोकं आधी स्टॉल होऊ नयेत, म्हणजे त्यांची उचल अचानक जाऊ नये, म्हणून. पंख सपाट फळीवर बांधला की सगळं ठाकठीक होईल, हा समज सोडून द्या. फिल्म लावल्यावर पंख मागून डोळ्यासमोर धरून रोज बघायचा.

सगळ्यात मोठी चूक वरच्या-खालच्या स्पारांमध्ये, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य दांड्यांमध्ये, बसणाऱ्या बाल्साच्या पट्ट्यांची. त्यांच्यातल्या लाकडाच्या रेषा उभ्या हव्यात. मी कापायला सोपं म्हणून आडव्या ठेवल्या. हाताने फेकलं तेव्हा काही झालं नाही. डिसेंबरात हाय-स्टार्टवर, म्हणजे ताणून सोडल्यावर विमानाला गलोलीसारखं वर ओढणाऱ्या १५ मीटर रबर आणि ६० मीटर नायलॉन दोरीवर, विमान जोरात चढत असताना उजवा पंख मधोमध मिटला. लाकूड मोडल्याचा तो आवाज अजून कानात आहे. ताण आला की वरचा स्पार दाबला जातो आणि बाहेर फुगू बघतो, त्याला धरून ठेवणारी उभी पट्टी हवी. नवा पंख करायला तीन आठवडे लागले, पण प्रत्येक रिब माझ्या हातून गेलेली असल्याने कुठे काय तुटलंय हे फिल्म न काढताच सांगता येत होतं. तयार फोमचं विमान घ्यावं का असं कुणी विचारलं की मला हाच प्रसंग आठवतो. फोम अधिक मार खातो, खरं आहे. पण बाल्सा तुटतो तो रेषेत, आणि रेषेतच जुळतो.

उडवायला आम्ही सासवडच्या पुढे एका ओळखीच्यांच्या माळावर जातो. पुण्यात लोहगावच्या विमानतळामुळे बराच भाग प्रतिबंधित आहे, त्यामुळे जागा ठरवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा हवाई हद्दीचा नकाशा बघायचा. त्यातल्या हिरव्या, म्हणजे मोकळीक असलेल्या, भागातही उंचीची मर्यादा ४०० फूट. सकाळी आठच्या स्थिर हवेत आधी तोल तपासतो: नाक जरा खाली करून स्टिक सोडायची, विमान झपकन वर आलं तर नाक जड, आणखी खाली घुसायला लागलं तर शेपूट जड. अकराच्या पुढे माळ तापतो आणि थर्मल, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेचे झोत, सुटतात. ऑक्टोबर हीटमध्ये सर्वांत छान.

माळाच्या मालकांनी, आबांनी, पहिल्याच दिवशी विचारलं, "ह्याला इंजिन कुठंय?"

"इंजिनच नाही, आबा."

"मग वर कशानं राहतंय?"

मी घारी दाखवल्या. बांधापलीकडे तीन घारी पंख न हलवता गोल फिरत होत्या. लेकीने दोरी ताणून धरली, ताणकाट्यावर साधारण ३ किलो आले आणि सोडली. हुकातून सुटल्यावर विमान त्या घारींच्या खाली नेलं तर डावा पंख कुणी खालून उचलावा तसा वर गेला. त्याच बाजूला वळायचं असतं. ते उड्डाण २७ मिनिटांचं झालं. आबा तेवढा वेळ मान वर करून उभे होते. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवरून विंचने, म्हणजे दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने, चढणारे खरे ग्लायडर मी लहानपणी असाच उभा राहून बघितले आहेत.

उणीव एकच मोठी. माझ्या पंखावर स्पॉयलर, म्हणजे उचल कमी करून विमान खाली आणणाऱ्या झडपा, नाहीत, त्यामुळे जोरदार थर्मलमधून विमान खाली आणणं जिवावर येतं. सरळ सूर मारला तर वेग वाढून शेपूट थरथरू लागते. मर्यादा जवळ आली की मी घट्ट घिरट्या घेत थर्मलच्या बाहेर, बसत्या हवेत जातो. मग उतरायला वेळ लागतो आणि तोवर मान दुखते. खालची फिल्म आधी पांढरी होती, उंचावर आकाशात दिसेनाशी व्हायची. ती काढून गडद निळी लावली.

एप्रिलमध्ये बंद गाडीत दोन तास राहिलं तर फिल्मला सुरकुत्या पडल्या, इस्त्रीने गेल्या. हाय-स्टार्टचं रबर उन्हाने चिरलं, आता टाल्कम पावडर लावून डब्यात ठेवतो. पंख धरणारे रबरबँड दर वेळी नवे. दोन वेळा विमान बाभळीत अडकलं तेव्हा पंख त्यांच्यावरून निसटला म्हणूनच शाबूत राहिला.

खर्च लाकूड, फिल्म, दोन छोटे सर्व्हो (झडपा हलवणाऱ्या मोटरी), रिसीव्हर आणि बॅटरी धरून ९ हजारांच्या आसपास, ट्रान्समीटर वेगळा. फळीवर सध्या नवा पंख मांडला आहे, या वेळी स्पॉयलरसकट. उभ्या पट्ट्या लेकीने कापल्या.