मॅकच्या जुन्या फ्लॉप्या आणि ग्रीसवीझल: सात महिन्यांचा अनुभव

ग्रीसवीझल, म्हणजे जुन्या फ्लॉप्या वाचायचं छोटं बोर्ड, गणपतीत मागवलं, आता शिमगा होऊन गेला, म्हणून लिहितोय. मालवणला काकांचा छापखाना होता, नव्वदच्या दशकात मॅकवर (ॲपलच्या कॉम्प्युटरवर) जत्रेच्या स्मरणिका, दशावताराची हँडबिलं तयार व्हायची. त्या चाळीस फ्लॉप्या माळ्यावर पत्र्याच्या डब्यात पडून होत्या. यूएसबी ड्राइव्हमध्ये कुठलीही घाला, एकच प्रश्न, फॉरमॅट करू का? एका दुकानात तर सगळ्या खराब झाल्यात म्हणून सांगितलं. खराब नव्हत्या हो!

ड्राइव्हला मुळात डेटा कळतच नाही, वाचणाऱ्या हेडखाली चुंबकाची दिशा बदलली की तो एक पल्स देतो, बस. अर्थ लावतो तो कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्ह चालवणारी चिप. पीसीवाल्याला एमएफएम ही लिहिण्याची पद्धत कळते, ७२० केबीच्या फ्लॉपीवर दोन पल्समध्ये ४, ६ नाहीतर ८ मायक्रोसेकंद, प्रत्येक ट्रॅकवर (गोल पट्ट्यावर) ९ सेक्टर, म्हणजे डेटाचे तुकडे. मॅकची ८०० केबी म्हणजे जीसीआर ही वेगळी पद्धत, ६ बिटांचे ८ करून लिहिलेले, आणि वर मॅकचा ड्राइव्ह बाहेरच्या ट्रॅकवर हळू फिरतो त्यामुळे तिथे १२ सेक्टर बसतात, अगदी आत ८.

कीर फ्रेझर यांनी बनवलेलं ग्रीसवीझल अर्थ लावायच्या भानगडीत पडत नाही, फक्त पल्समधला वेळ मोजून कॉम्प्युटरला देतं. बंद पडलेल्या पेंटियम पीसीमधला साधा १.४४ एमबीचा ड्राइव्ह त्याला लावला, तो मिनिटाला ३०० फेऱ्यांनीच फिरतो म्हणून आतल्या ट्रॅकवर अंतरं ताणली जातात, पण सॉफ्टवेअर ते सांभाळून घेतं. सगळं कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टाइप करून, शेवटी सेक्टरांचा नकाशा येतो, मिळाला तिथे ठिपका, नाही तिथे फुली. कच्चे पल्सही सेव्ह करून ठेवा, परत प्रयत्न करता येतो.

खरा त्रास आपल्या दमट हवेचा. फ्लॉपीचं सरकतं झाकण (शटर) सरकवून बघा, पांढरे डाग दिसले तर ती बुरशी. मी एक तशीच घातली, गोल चरा पडला आणि हेडवरून फिरवलेला कापूस तपकिरी निघाला. आता आधी आयसोप्रोपिलने पुसतो, सुकू देतो, मगच.

४० पैकी ३१ पूर्ण निघाल्या. फाइल उघडली तर रोमन अक्षरांचा गोंधळ, जुना मराठी फॉन्ट शोधून टाकला तेव्हा १९९६ च्या स्मरणिकेचं पहिलं पान आलं. काका खुर्ची ओढून बसले, "ह्यां अजून आसा?" म्हणाले आणि तिसऱ्या ओळीतली चुकलेली वेलांटी दाखवली.