छत्री की टाके? हृदयातल्या छिद्राचा निर्णय घेताना

"छत्री बसवून भागतंय तर छाती कशाला उघडायची?" पोराच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात छिद्र निघालं की कोल्हापुरात घरोघरी हाच पहिला सवाल. रास्त आहे. पण उत्तर बरंचसं छिद्राच्या जागेवर ठरतं, म्हणून आधी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टवर छिद्राचं नाव शोधा.

'सिकंडम' असेल, म्हणजे त्या पडद्याच्या मधोमध, तर पहिली पसंती छत्रीला. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि निकेल-टायटॅनियमच्या जाळीच्या दोन चकत्या सोडतात, हीच छत्री: एक पडद्याच्या अलीकडे, एक पलीकडे. त्यांना धरायला छिद्राभोवती साधारण 5 मिलिमीटर काठ लागतो. रिपोर्टमधली 'रिम' ती हीच. महाधमनीकडचा काठ कमी असला तर बहुतेकदा चालून जातं; खालचा-मागचाच नसेल तर छत्री निसटायची भीती, तिथे छाती उघडून टाकेच बरे.

'प्रायमम'मध्ये छिद्र झडपांना लागून असतं आणि झडपही सदोष असते. तिथे ऑपरेशनच.

खरी ओढाताण 'सायनस व्हेनोसस'ची. हा प्रकार दुर्मीळ. छिद्र बहुधा वरच्या महाशिरेच्या तोंडाशी, शिवाय उजव्या फुप्फुसाची शीर भलतीकडे उघडलेली. छत्री बसतच नाही. अलीकडे मोजक्या केंद्रांत आवरणाचा लांब स्टेंट, म्हणजे शिरेत बसवायची जाळीची नळी, टाकून ते बंद करतात. फुप्फुसाची शीर दाबली जात नाही ना, हे आधी सीटीवर आणि मग आत फुगा फुगवून बघतात. मोठ्या माणसासाठी जरूर विचारा. लहान पोरासाठी मी ऑपरेशनच म्हणेन. स्टेंट काही पोराबरोबर वाढत नाही.

छत्रीवाला एक-दोन दिवसांत घरी येतो, छातीचं हाड सांधायला सहा ते आठ आठवडे जातात. म्हणून पोरगा लगेच तालमीत उतरेल असं मात्र नाही. छत्रीनंतरही डॉक्टर सांगेपर्यंत लाल माती बंद, आणि रक्त पातळ करणारी गोळी साधारण 6 महिने. क्वचित चकती घासून हृदयाच्या भिंतीला इजा होते. छातीत दुखलं, भोवळ आली तर थेट दवाखाना. इको तपासणी पुढेही चालू राहते.

पैशांचं आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलातल्या योजनेच्या मदतनीसाला, भरती व्हायच्या आधीच विचारा: सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत छत्रीची किंमत धरली आहे का? छिद्र शाळेच्या आरोग्य तपासणीत सापडलं असेल तर तो कागद जपून ठेवा. आणि छत्रीच बसवायची असली तरी हृदयाचा सर्जन त्याच इमारतीत असेल असंच हॉस्पिटल धरा, मग त्यासाठी पुणं गाठावं लागलं तरी बेहत्तर.