डोन्झी १८ : नवा ट्रान्सम, नवं इंजिन आणि चेसापीकवरचा पूर्ण हंगाम

बोट आहे डोन्झी १८, '२+३' मॉडेल, म्हणजे पुढे दोन माणसं आणि मागे तीन. १९८०च्या दशकातली. आता तिच्यात ५.७ लिटरचं, ३०० हॉर्सपॉवरचं ३५० मॅग एमपीआय (फ्युएल इंजेक्शनचं) इंजिन आहे. जनरल मोटर्सच्या ब्लॉकवरचं हे व्ही-८ इंजिन रीमॅन्युफॅक्चर्ड घेतलं. मागे मर्क्युरी कंपनीचा १.५:१ गिअरचा मर्क्रूझर ब्राव्हो वन ड्राइव्ह आहे, म्हणजे इंजिनाची ताकद पंख्यापर्यंत नेणारा बाहेरचा भाग. फायबरचं, वायरिंगचं आणि बसवण्याचं काम मी घरामागच्या शेडमध्ये स्वतः केलं. क्रेन आणि वेल्डिंग तेवढं बाहेरून. बोट चालते अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये, चेसापीक उपसागरात. पाणी निमखारं. एप्रिलपासून थंडी पडेपर्यंत ती भरपूर चालवली आणि त्यानंतरच हे लिहितोय. बोट उत्तम झाली आहे. पण त्याचं निम्मं श्रेयही मी इंजिनाला देणार नाही.

एवढ्या जुन्या हलवर, म्हणजे बोटीच्या मूळ कवचावर, मेहनत का घ्यायची, हे सांगायला हवं. १९६०च्या मायामी-नासाऊ शर्यतीत रे हंटने आखलेल्या खोल व्ही आकाराच्या तळाची 'मॉपी' खवळलेल्या समुद्रात पहिली आली आणि वेगवान बोटींचं शास्त्रच बदललं. त्याआधीच्या चपट्या तळाच्या बोटी लाटेवर आपटत. डॉन अ‍ॅरोनॉने १९६४ साली मायामीत डोन्झी सुरू केली ती हाच तळ धरून. या छोट्या डोन्झींच्या आखणीत जिम विनचा हात होता. इंजिन आत आणि ड्राइव्ह बाहेर ही स्टर्नड्राइव्हची कल्पना व्होल्वो पेन्टाने १९५९ साली बाजारात आणली, तीही विनचीच. माझ्या बोटीच्या ट्रान्समपाशी, म्हणजे मागच्या भिंतीपाशी, तळाचा कोन २४ अंश आहे. अठरा फुटी बोटीत इतका खोल तळ आज फारसं कुणी बनवत नाही, कारण उभी असताना ती डुलते आणि आत जागा कमी मिळते. मला मात्र तीच हवी होती.

आता हा ट्रान्सम, बोटीची मागची उभी भिंत. स्टर्नड्राइव्हचा सगळा रेटा तिच्यावर येतो आणि इंजिनाचं मागचं टोकही तिलाच टेकतं. आत प्लायवूड, दोन्ही बाजूंना फायबर. कारखान्यातून ती ठीकच आली असणार. पण पुढच्या वर्षांत कुणीतरी पायरी, पंपाची जाळी, ट्रिम टॅब असं काही ना काही लावलं आणि भोकं सील न करता स्क्रू आवळले. एकेका स्क्रूवाटे पाणी आत गेलं. बाहेरून सगळं चकचकीत होतं. प्लास्टिकच्या हातोडीने टकटक केल्यावर वरच्या कोपऱ्यांत आवाज खणखणीत यायचा आणि ड्राइव्हच्या खाली बद्द. आतल्या बाजूने बारीक ड्रिल मारलं तर भुसा काळा आणि ओला निघाला. मग शंका उरली नाही.

बाहेरचं फायबर तसंच ठेवून आतून काम केलं. यात बोटीचा आकार टिकतो आणि बाहेरचा जेलकोट, म्हणजे चकचकीत थर, वाचतो. मात्र इंजिन काढण्याआधीच हलला खालून नीट, सगळीकडे आधार द्यावा लागतो, नाहीतर कापलेला ट्रान्सम ज्या आकारात पसरेल त्याच आकारात कायमचा पक्का होईल. आतलं फायबर ग्राइंडरने कापलं, कुजलेलं लाकूड पटाशीने काढलं, पृष्ठभाग घासून कोरडा केला. नवीन मरीन प्लायवूड दोन थरांत, सिलिका घालून घट्ट केलेल्या इपॉक्सीत बसवलं. हवा निघून जावी म्हणून प्लायवूडला बारीक भोकं पाडली आणि आरपार रॉड घालून दोन्ही बाजूंनी पाट्या आवळल्या. भोकांतून इपॉक्सी डोकावलं की समजावं, आत पोकळी राहिलेली नाही.

मर्क्रूझरची अट अशी, की ट्रान्समची जाडी ५१ ते ५७ मिलिमीटरच्या आत हवी आणि दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना समांतर हवेत. फरक चालतो तो फार तर ३ मिलिमीटर. हौशी माणसाचं काम इथेच तपासलं जातं. फायबरचे थर हाताने चढवताना एका कोपऱ्यात एक थर जास्त बसला तरी जाडी चुकते. मी प्रत्येक थरानंतर कॅलिपरने मोजत गेलो. शेवटी पुट्टी भरून, लांब फळीला सँडपेपर लावून पृष्ठभाग सपाट केला. बोल्टचं प्रत्येक भोक आधी मोठं पाडून इपॉक्सीने भरलं आणि मग त्यात योग्य मापाचं भोक पाडलं. आता बोल्टभोवती लाकूड उघडं नाही. सील गेलं तरी पाण्याला लाकूड सापडणार नाही.

स्ट्रिंगर, म्हणजे तळाच्या लांबीभर जाणाऱ्या आणि इंजिनाचं वजन पेलणाऱ्या तुळया, मागच्या तृतीयांशात गेलेल्या होत्या. तेवढ्याच बदलल्या. जुन्याला नवा जोड देताना जाडीच्या किमान बारा पट लांबीचा उतार ठेवला. इथे एकच सल्ला : कापण्याआधी इंजिनाच्या माउंटांची उंची दोरी ताणून आणि लाकडी साचा करून पकडून ठेवा. फायबर घासताना चांगला रेस्पिरेटर आणि अंगभर सूट घाला. ती धूळ फुप्फुसात जायला नकोच.

पेट्रोलची टाकी डेकखाली फोममध्ये गाडलेली होती. वरून स्वच्छ, खालून खड्डेच खड्डे. अ‍ॅल्युमिनियम आणि ओला फोम यांचं जमत नाही. नवीन टाकी बनवून ३ पीएसआय दाबावर तपासून घेतली, खाली पट्ट्या देऊन हवा खेळेल अशी बसवली. होज सगळे नवे, पेट्रोलसाठीचे, ए१-१५ दर्जा छापलेले.

इंजिनाबद्दल प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, की एवढं सगळं केलंस तर ३८३ स्ट्रोकर, म्हणजे आणखी मोठं आणि ताकदवान इंजिन, का नाही घातलंस? बोट पेलली असती. पण तळ १८ फुटांचा आहे आणि ताशी साठ मैलांच्या पुढे त्याला आवरायचं काम माणसाचं. मला रोज विश्वासाने चालू होणारं, कंप्युटरवर नीट तपासता येणारं, वॉरंटीचं इंजिन हवं होतं. मर्क्युरीचं नव्या आखणीचं ४.५ लिटर व्ही-६, २५० हॉर्सपॉवर, हाही चांगला आणि हलका पर्याय आहे. त्याचा गांभीर्याने विचार केला होता. व्ही-८चा खालच्या आरपीएमचा जोर आणि सहज मिळणारे सुटे भाग यांवर माझा निर्णय झाला. मागे ब्रॅकेट लावून आउटबोर्ड, म्हणजे बाहेर टांगलेलं इंजिन, घालणारेही बरेच आहेत. सोय मोठी आहे, पण वजन पार मागे जातं आणि या बोटीची सरळ स्वच्छ पाठ बिघडते. मला ते बघवत नाही.

ब्राव्हो ड्राइव्ह अल्फा या मर्क्रूझरच्या हलक्या ड्राइव्हच्या जुन्या ट्रान्सम असेंब्लीवर बसत नाही, ती बदलावीच लागते. ट्रान्सम नवा होत असताना हे करून घेणं स्वस्तात पडलं. अल्फा ३०० हॉर्सपॉवरपर्यंत चालतो, म्हणजे माझं इंजिन अगदी त्याच्या काठावर आलं असतं.

गाडीचं इंजिन किंवा गाडीचे भाग बोटीत घालू नका, हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, साचते. गाडीच्या स्टार्टरमधली एक ठिणगी पुरे. मरीन स्टार्टर, अल्टरनेटर आणि डिस्ट्रिब्युटर ठिणगी बाहेर पडू नये अशा बांधणीचे असतात. जास्तीचे पैसे त्याचेच आहेत. ही वाफ बाहेर फेकणारा ब्लोअर चार मिनिटं चालवल्याशिवाय मी किल्लीला हात लावत नाही. ब्लोअरनंतरही झाकण उघडून नाकाने खात्री करतो.

अलाइनमेंटला वेळ द्या. ट्रान्सममधल्या गिंबल बेअरिंगमधून अलाइनमेंट बार घालायचा, तो इंजिनाच्या कपलरमध्ये दोन बोटांनी आत-बाहेर झाला पाहिजे. जोर लागत असेल तर पुढचे माउंट वर-खाली करत बसायचं, दुसरा मार्ग नाही. हे सैल सोडलं तर कपलरचे दाते पाण्यात मध्येच साथ सोडतात. पहिले काही तास चालवून झाल्यावर पुन्हा तपासलं. नवीन स्ट्रिंगर जरासुद्धा खचले नव्हते. फायबरच्या कामाची ती खरी पावती मानतो.

पाण्यावर उतरल्यावरचं पहिलं महत्त्वाचं काम प्रोपेलरचं. इंजिन बदललं की जुना पंखा बहुधा चुकीचाच ठरतो. पुस्तिकेप्रमाणे माझं इंजिन पूर्ण थ्रॉटलवर ४८०० ते ५२०० आरपीएममध्ये फिरायला हवं. २५ पिचच्या (एका फेऱ्यात २५ इंच पुढे सरकेल अशा) पंख्यावर ते ४६००च्या आसपास अडकलं. पिच एक इंच कमी केला तर साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात, या हिशोबाने २३ घेतला आणि काटा ५०००वर आला. सूत्र सोपं आहे : आरपीएम गुणिले पिच, भागिले गिअर, भागिले १०५६. म्हणजे ५००० × २३ ÷ १.५ ÷ १०५६, उत्तर ताशी ७२.६ मैल. पाण्यात पंखा घसरतो, ती घसर १२ टक्के धरली तर ६४. जीपीएस साधारण तेवढंच दाखवतं. गंमत अशी, की २५ पिचवरही वेग जवळपास हाच होता. पण तिथे इंजिन ओझ्याखाली दबलेलं राहायचं आणि भरलेली बोट पाण्यावर उठायला रखडायची. वरचा वेग पाहून पंखा निवडणाऱ्याला हा फरक दिसतच नाही. पंखे विकत घेण्याआधी उधारीवर देणारी दुकानं आहेत, त्यांचा उपयोग करा.

नेहमीचा वेग ३५०० आरपीएमला ताशी ४३ मैल. पेट्रोल ताशी १२-१३ गॅलन, पूर्ण थ्रॉटलवर दुप्पट. फ्युएल इंजेक्शनमुळे बंदरातल्या सहा नॉटच्या पट्ट्यात इंजिन शांत चालतं, पेट्रोलचा वास नाही, गरम असतानाही एका झटक्यात सुरू. मात्र या सावकाश वेगात बोटीचं पुढचं टोक सारखं डावी-उजवीकडे भरकटतं. खोल तळ आणि एकच ड्राइव्ह म्हटलं की हे आलंच. सुकाणूचं चाक सतत फिरवत बसण्यापेक्षा थोडं थांबून तिला स्वतःहून परत येऊ द्यावं.

चेसापीक उथळ आहे, सरासरी खोली २१ फुटांच्या आसपास. त्यामुळे वारा भरतीच्या उलट सुटला की लाटा उंच होण्याऐवजी आखूड आणि उभ्या होतात. अ‍ॅनापोलिसहून बे ब्रिजखालून केंट आयलंडकडे जाताना हे सगळ्यात जास्त जाणवतं. इथे त्या २४ अंशांची किंमत कळते. बोट लाटेवरून सुटते आणि परत पाण्यात शिरते ती चिरत. कमरेला धक्का जाणवतो, पण आपटल्याचा नाही. आणि नवा ट्रान्सम गप्प आहे. कुठेही कुरकुर नाही, ड्राइव्हच्या कडेने ओल नाही, बिल्ज कोरडं. मला सगळ्यात जास्त समाधान याचं आहे.

साठच्या वर चाइन वॉक सुरू होतो. बोट तळाच्या अरुंद पट्टीवर तोलली जाते आणि डाव्या-उजव्या कुशीवर झुलू लागते. चाकातला सैलपणा त्यात भर घालतो. ड्राइव्हचा ट्रिम, म्हणजे तिरकेपणा, थोडा आत घेतला, थ्रॉटल हलकेच कमी केला की थांबतं. घाबरून थ्रॉटल एकदम ओढू नये. हौशी माणसाने हे मोकळ्या पाण्यात, एखाद्या ओळखीच्या सोबत्यासह शिकावं. आणि माणूस पडला तर इंजिन बंद करणाऱ्या किल स्विचची दोरी अंगाला बांधलेलीच हवी. अमेरिकेत २६ फुटांखालच्या बोटींना १ एप्रिल २०२१ पासून तो कायदाच आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये इथे जेलीफिश मोप होतात. ड्राइव्हमधून पाणी ओढलं जातं तिथून त्यांचा लगदा आत येतो. मी मध्ये स्ट्रेनर, म्हणजे गाळणी, बसवला आहे आणि त्या दिवसांत प्रत्येक फेरीनंतर तो उघडतो. तापमान जरा चढलं तर आधी तिथेच बघायचं. ब्राव्होचा पाण्याचा पंप इंजिनाच्या पुढच्या बाजूला असतो. या बोटीत तिथे हात पोचणं अवघड, म्हणून पंपातलं चक्र, इंपेलर, हिवाळ्यातच बदलून ठेवतो. खेकड्यांच्या सापळ्यांचे बोये संध्याकाळच्या उन्हात अजिबात दिसत नाहीत. त्या वेळी मी वेग उतरवतो.

हंगामात बिघडलं ते फारच थोडं : बाहेरून घेतलेल्या स्वस्त ट्रिम सेन्सरने मान टाकली आणि एक बेल्ट ताणला गेला. एवढंच.

पैशांचं स्पष्ट बोलतो. झालेल्या खर्चात याच मापाची, चांगल्या स्थितीतली वापरलेली बोट सहज मिळाली असती. विकताना तो परत येणार नाही. फायबर, टाकी, होज, वायरिंग, स्टिअरिंग मिळून जे गेलं ते इंजिनाच्या रकमेच्या जवळ पोचलं. म्हणून कुणी नुसत्या इंजिनाच्या किमतीवर बजेट मांडत असेल तर त्याने तोच आकडा दुप्पट धरावा. ट्रान्सम ओला असताना नवीन इंजिन लटकवण्यापेक्षा जुनं इंजिन आणखी दोन वर्षं चालवलेलं परवडलं.

मुंबई-अलिबागचे मित्र विचारतात, हे मांडव्याला जमेल का? काम जमेल, काही बदल करून. पूर्ण खाऱ्या पाण्यात क्लोज्ड कूलिंग हवंच, म्हणजे ब्लॉकमध्ये कूलंट आणि समुद्राचं पाणी फक्त हीट एक्स्चेंजर व एक्झॉस्टमध्ये. माझ्याकडे निमखाऱ्या पाण्यासाठीही तेच आहे. एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड आणि रायझर खाऱ्या पाण्यात पाच-सात वर्षांचे सोबती, ते आतून गंजतात. कोकणच्या दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो; तो साध्या पाण्याने धुऊन, घासून मगच पुढचा थर द्या, आणि हार्डनर संथ वापरा. खरी अडचण पेट्रोलची आहे. मर्क्युरी जास्तीत जास्त १० टक्के इथेनॉल चालवून घेते आणि भारतात पंपावर आता सर्रास ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, मिळतं. इथेनॉल पाणी शोषतं, टाकी फार काळ उभी राहून पाणी पुरेसं साचलं की ते मिश्रण पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसू शकतं आणि इंजिनाला पेट्रोल ओढणारी नळी, पिकअप, तळातूनच ओढते. पावसाळ्यात बोट महिनोन्महिने उभीच राहणार. तेव्हा इथेनॉलविरहित पेट्रोल नियमित कुठून मिळेल, याचा बंदोबस्त आधी करा, बोट नंतर शोधा. मी इथे शक्य तिथे इथेनॉल नसलेलंच भरतो आणि १० मायक्रॉनचा वॉटर सेपरेटर दर हंगामाला बदलतो.

सध्या बोट शेडमध्ये आहे. समुद्राच्या पाण्याची बाजू पूर्ण रिकामी करून गुलाबी अँटीफ्रीझ भरलं, टाकीत स्टॅबिलायझर घातला, ड्राइव्हचं तेल काढून पाहिलं. त्यात पाणी नव्हतं. या हिवाळ्यात पूर्ण हायड्रॉलिक स्टिअरिंग बसवतोय, चाकातला उरलेला सैलपणा जाण्यासाठी. त्यानंतर २३ पिचचा चार पात्यांचा पंखा लावून बघायचा आहे. आखूड लाटांत तो पाणी जास्त धरून ठेवतो असा अंदाज आहे. आकडे हाती आले की इथेच जोडेन.