सिएटलचा माहितीपट, वस्तीतल्या पडद्यावर

'धिस इज व्हॉट डेमॉक्रसी लुक्स लाइक' (२०००) वस्तीत दाखवायला अजूनही उत्तम. नोव्हेंबर १९९९ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलला जागतिक व्यापार संघटनेविरुद्ध झालेली निदर्शनं शंभरहून अधिक जणांनी कॅमेऱ्यात टिपली. बातम्यांत फुटलेल्या काचाच गाजल्या. इथे अश्रुधुरात रस्ता अडवून बसलेली माणसं दिसतात. लांबी ७२ मिनिटं, म्हणजे चर्चेला वेळ उरतो. चित्र जुन्या ४:३ चौकटीचं (रुंदी ४, उंची ३). प्रोजेक्टरने ते ताणून १६:९ केलं की चेहरे फुगतात, आधी तपासा. घोषणांच्या गदारोळात निवेदन बुडतं, प्रोजेक्टरच्या स्पीकरवर भागत नाही. वेगळा स्पीकर लावून बास (खर्जातला आवाज) कमी करा. संकलन मात्र फार धावतं. संदर्भ ठाऊक नसलेला प्रेक्षक गोंधळतो, सुरुवातीला पाच मिनिटं बोलाच.