आमच्या गावची दवंडी : पाचपैकी साडेतीन

ठिकाण परभणी जिल्ह्यातलं आमचं गाव. नाव मुद्दाम देत नाही, कोतवालाला उगी ताप नको. दर फुकट.

माझं किराणा दुकान पाराला लागून, त्यामुळं दवंडी पहिली माझ्याच कानावर. हलगी कडाडली की "ऐका हो ऐका". आवाज खणखणीत, त्याला पूर्ण गुण.

खरा कस लागला तो नव्या फौजदारी कायद्यांच्या वेळी. १८६० ची दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. राष्ट्रपतींची संमती २५ डिसेंबर २०२३ ला, अंमल १ जुलै २०२४ पासून. राजपत्रात छापलं की सरकार मोकळं. गावात राजपत्र कोण वाचतंय? अन् कायदा माहीत नव्हता म्हणून कोर्ट सोडत नाही. कोतवालानं कलमांची यादी खिशात घातली अन् कामाचं तेवढं सांगितलं, "गुन्हा कुठं बी घडू द्या, तक्रार कोणत्या बी ठाण्यात देता येते!"

एका मावशीनं तिथंच अडवलं, "म्हंजी लेकीला सासरच्या ठाण्यात जायची गरज नाही?"

"नाही मावशी, इथं बी लिहून घेतेत."

कागद पुढं तिकडच्या ठाण्याकडं जातो, हे तो विसरला. ते मी दुकानातून ओरडून सांगितलं. भोंगा लावलेली रिक्षा अशी अडवता येते का? ती "जनतेला सूचित करण्यात येते" म्हणत धुरळा उडवून निघून जाते.

आता खोड्या. तारखेशी आला की आवाज पडतो, दोनदा विचारावं लागतं. आखाड्यावर, म्हंजी शेतातल्या वस्तीवर, राहणाऱ्यांपर्यंत हलगी पोचतच नाही, अन् तिकडं फोनला रेंज नाही. दीड गुण त्याचा गेला.

जप्तीची गोष्ट निराळी. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत जप्तीचा हुकूम त्या जागेवर ढोल वाजवून किंवा रिवाजाप्रमाणे पुकारा, असं अजून लिहिलेलं आहे. बेलीफ आला की आमचा कोतवाल हलगी दबकत वाजवतो, कर्जदाराचं नाव भरभर उरकतो. कायद्यानं बघितलं तर इथंही गुण कापायला हवेत. मी कापले नाहीत.

पेरणीच्या दिवसांत सकाळच्या दवंडीवर विसंबू नका, गाव रिकामं असतं. संध्याकाळची ऐका, अन् तारीख विचारूनच घरी जा.